मारुतीच्या रांगेत सैतान

परवा रात्री साडेअकराला अमेरिकेतून भाचीचा फोन आला. रात्री-अपरात्री फोन वाजला की काळजात आधी धस्स होतं. त्यात "मावशी, झोपली नव्हतीस ना? आणि आईला लगेच सांगू नकोस हं, ती उगाच घाबरेल," अशी सुरुवात झाल्यावर मी पलंगावर उठूनच बसले.

"काय झालं गं?"

"अगं, पोराच्या शाळेत सैतानाचा क्लब निघतोय!"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. आपल्याकडे सैतान म्हणजे फार तर न ऐकणारं पोर. "काय सैतान कार्टं आहे!" असं म्हणत आपण त्याच्याच हातावर लाडू ठेवतो. पण तिकडे ख्रिस्ती घरांत सैतान म्हणजे साक्षात पापाचा राजा. त्याच्या नावाचा क्लब आणि तोही प्राथमिक शाळेत!

भाची सांगत होती ते असं. शाळा सुटल्यावर शाळेच्याच एका वर्गात हा क्लब भरणार. ज्या पालकांनी लेखी परवानगी दिली त्यांचीच मुलं जाणार. बातमी फुटल्यावर गावात एकच गोंधळ. शेजारची बाई सह्यांचं निवेदन घेऊन भाचीच्या दारात आली होती.

"सही करू ना मावशी?"

"कर की, विचारतेस काय!" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण ती पुढे म्हणाली, "निवेदनात लिहिलंय, आपल्या गावाच्या श्रद्धेत न बसणाऱ्या कुणालाच शाळेची जागा देऊ नये. आता आपली मराठी शाळा दर रविवारी त्याच इमारतीत भरते गं. मंडळाचा गणपतीही त्याच शाळेच्या हॉलमध्ये बसतो. मग आपण गावाच्या श्रद्धेत बसतो का?"

मी गप्प. "दोन दिवस थांब," एवढंच म्हटलं आणि मिळेल ते वाचायला बसले. देवासमोर रोज दिवा लावणारी, संकष्टी न चुकवणारी मी बाई, दोन दिवस सैतानाचा अभ्यास करत होते. यजमानांनी विचारलं, "काय वाचतेस एवढं?" तर काय सांगावं कळेना.

मैत्रिणींनो, वाचल्यावर मात्र डोक्यातलं चित्र बरंच बदललं. म्हणून आज तुमच्याशी हे बोलावंसं वाटतंय.

पहिला धक्का म्हणजे हे लोक सैतान खरोखर आहे असं मानतच नाहीत! देवही मानत नाहीत आणि सैतानही नाही. 'सटॅनिक टेंपल' नावाची ही संस्था २०१३ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. ल्युसियन ग्रीव्ह्ज आणि माल्कम जॅरी या टोपणनावांनी वावरणाऱ्या दोघांनी ती काढली. त्यांच्यासाठी सैतान म्हणजे कथेतलं एक पात्र. सत्तेपुढे मान न तुकवणारा, 'का?' असं विचारणारा बंडखोर. अनातोल फ्रान्स या फ्रेंच लेखकाची १९१४ ची एक कादंबरी त्यांना फार जवळची. त्यातला सैतान स्वर्गावर चाल करून जायची तयारी करतो, पण आपण जिंकलो तर आपणही जुलमीच होऊ हे ओळखून सिंहासन नाकारतो. आपल्याला हे अगदीच परकं वाटू नये. बळीराजा पुराणात असुरच की! तरी त्याचं राज्य येवो असं आपण दिवाळीत भावाला ओवाळताना म्हणतो.

देव न मानणारा धर्म म्हणजे काय भानगड, असंही वाटलं. पण जग निर्माण करणारा देव जैन आणि बौद्ध धर्मांतही नाही. ज्या महाराष्ट्रात १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांबरोबर लाखोंनी बुद्धाचा धम्म स्वीकारला, तिथल्या माणसाला हे समजायला अवघड नाही. २०१९ मध्ये अमेरिकेच्या आयकर खात्यानेही या संस्थेला चर्चचा दर्जा दिला.

सैतानाचं नाव लावणारे हेच पहिले असंही नाही. १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अँटन लव्हे या गृहस्थाने 'चर्च ऑफ सेटन' काढलं होतं. तोही सैतान खरा मानत नव्हता, पण त्याची शिकवण म्हणजे सगळा 'मी आणि माझं सुख' असा मामला. त्यांच्या विधीत नग्न बाईलाच वेदी म्हणून झोपवत. ते वाचून मी पुस्तक मिटणारच होते. नवी मंडळी वेगळी आहेत. जुने त्यांना खरे सैतानवादी मानत नाहीत, आणि तेही जुन्यांच्या वाटेने जात नाहीत.

नव्यांची सात तत्त्वं आहेत. सगळ्या जिवांशी करुणेने आणि विवेकाने वागावं. न्यायासाठीचा झगडा चालूच ठेवावा. आपलं शरीर आपलंच, त्यावर दुसऱ्याची इच्छा चालणार नाही. दुसऱ्याच्या स्वातंत्र्याचा मान ठेवावा, त्याचं बोलणं आपल्याला खुपलं तरी. विज्ञान जे सांगतं त्याच्याशी आपल्या समजुती जुळवून घ्याव्यात. माणूस चुकतो, चुकलं तर सुधारावं. आणि सातवं म्हणजे लिहिलेल्या शब्दापेक्षा करुणा, शहाणपण आणि न्याय मोठा. वरचं नाव झाकून ही सात वाक्यं आमच्या महिला मंडळात वाचून दाखवली असती, तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या!

आता त्या क्लबचं. अमेरिकेतल्या अनेक प्राथमिक शाळांत शाळा सुटल्यावर 'गुड न्यूज क्लब' भरतात. तिथे लहान मुलांना बायबलची शिकवण देतात. २००१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की शाळा इतर संस्थांना वर्ग वापरायला देत असेल तर केवळ धार्मिक आहे म्हणून अशा क्लबला नाही म्हणता येणार नाही. सटॅनिक टेंपलने २०१६ मध्ये तोच निकाल हातात धरला. तुम्हाला दार उघडं, तर आम्हालाही! जिथे धार्मिक क्लब आधीपासून चालतो तिथेच हे आपला क्लब काढतात. आत काय करतात? विज्ञानाचे प्रयोग, कोडी, खेळ, चित्रकला. मुलांना सैतानाची भक्ती वगैरे काही शिकवत नाहीत.

पेनसिल्व्हेनियातल्या सॉकन व्हॅली इथल्या शाळा-प्रशासनाने २०२३ मध्ये आधी परवानगी दिली आणि मग काढून घेतली. प्रकरण कोर्टात गेलं. मे २०२३ मध्ये कोर्टाने क्लब भरू द्या असा आदेश दिला आणि नोव्हेंबरमध्ये तडजोड होऊन वकिलांच्या खर्चापोटी २ लाख डॉलर द्यावे लागले. कोर्टाने सैतान चांगला की वाईट हे ठरवलं नाही. सरकारी जागेच्या दारात उभं राहून कोणाची श्रद्धा आत आणि कोणाची बाहेर हे सरकारने ठरवायचं नाही, इतकाच मुद्दा.

आता ज्या गोष्टीने माझं मत खऱ्या अर्थाने फिरवलं ती सांगते.

ओक्लाहोमा नावाचं एक राज्य आहे. तिथल्या विधिमंडळाच्या आवारात २०१२ मध्ये बायबलमधल्या दहा आज्ञांची शिळा बसवली गेली. खर्च एका आमदाराच्या कुटुंबाचा, जागा मात्र सरकारी. म्हणजे सगळ्यांची. मग सटॅनिक टेंपलने अर्ज केला, आम्हालाही आमचा पुतळा तिथे बसवू द्या. पुतळा बोकडाच्या तोंडाचा, पंख असलेला, साडेआठ फुटी ब्राँझचा, आणि त्याच्याकडे कौतुकाने बघणारी दोन लहान मुलं. तिथल्या लोकांचा किती संताप झाला असेल, कल्पना करा.

पण त्याच सुमारास त्याच जागेसाठी आणखी एक अर्ज गेला होता. कोणाचा, माहीत आहे? आपल्या मारुतीरायाचा! राजन झेड यांच्या हिंदू संस्थेने डिसेंबर २०१३ मध्ये तिथे हनुमानाची मूर्ती बसवायची परवानगी मागितली होती. म्हणजे ओक्लाहोमाच्या सरकारी टेबलावर एकाच रांगेत सैतान आणि मारुती!

हे वाचून मला आधी राग आला. कुठे आमचा संकटमोचन आणि कुठे ते बोकडाचं ध्यान! मग शांतपणे विचार केला. ज्या माणसाच्या दृष्टीने त्याचा देव सोडून बाकी सगळे खोटे, त्याला शेपटीचा मारुती आणि शिंगांचा पुतळा यात काय फरक दिसणार? आणि सोंडेचा गणपती?

हा माझ्या मनाचा खेळ नाही हो. १२ जुलै २००७ रोजी अमेरिकेच्या सिनेटचं कामकाज पहिल्यांदा हिंदू प्रार्थनेने सुरू झालं. प्रार्थना म्हणणारे हेच राजन झेड. तर प्रेक्षकांच्या सज्जातून तिघांनी आरडाओरडा करून ती थांबवायचा प्रयत्न केला, पोलिसांना त्यांना अटक करावी लागली. टेक्सासमधल्या शुगर लँड इथे २०२४ मध्ये एका देवळाने स्वतःच्या आवारात ९० फुटी हनुमान उभारला. त्यावरही विरोध झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये सिनेटची उमेदवारी मागणाऱ्या एका पुढाऱ्याने तर जाहीरच विचारलं, की या खोट्या देवाची मूर्ती आपण का चालू द्यायची? म्हणजे देऊळ आपलं, जागा आपली, पैसा आपला, तरी हे.

ओक्लाहोमात शेवटी झालं काय? जून २०१५ मध्ये तिथल्या राज्य सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की राज्याच्या घटनेप्रमाणे सरकारी मालमत्ता कोणत्याही धर्माच्या फायद्यासाठी वापरता येत नाही. शिळा काढा. ऑक्टोबरमध्ये ती हलवली गेली. सैतानाचाही पुतळा बसला नाही, मारुतीही बसला नाही. घटनेतली ती तरतूदच काढून टाकायचा प्रस्ताव २०१६ मध्ये लोकांपुढे मतदानाला आला, तोही लोकांनी फेटाळला. जागा सगळ्यांची होती, सगळ्यांची राहिली. मला तर हा निकाल आपल्या मारुतीच्याही सोयीचा वाटतो.

आता थोडं भीतीबद्दल. सैतान म्हटल्यावर माझ्या भाचीसारखी शिकलेली मुलगीही घाबरली, यात तिची चूक नाही. आई आहे ती. पण आईच्या या भीतीचा फायदा घेतला जातो, हेही विसरता येत नाही. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात मॅकमार्टिन नावाच्या एका बालवाडीवर असेच आरोप झाले. मुलांवर अत्याचार होतात, सैतानाचे विधी चालतात, वगैरे. सात जणांवर आरोप ठेवले, त्यात सहा बायका. संस्थापक आजीबाई तर चाकाच्या खुर्चीत. खटला सात वर्षं रेंगाळला आणि १९९० मध्ये एकालाही शिक्षा न होता संपला. मधल्या काळात देशभर अशा कितीतरी केसेस उभ्या राहिल्या. कोणी खोटं बोललं असं नाही, मुलांना पुन्हा पुन्हा विचारून विचारून त्यांच्या तोंडून हवं ते वदवलं गेलं.

आणि सटॅनिक टेंपलचं मुख्यालय कुठे आहे? सेलम गावात. १६९२ मध्ये याच सेलममध्ये चेटकीण म्हणून, सैतानाशी हातमिळवणी केली म्हणून १९ जणांना फासावर चढवलं. त्यातल्या १४ बायका! तेव्हा दोषी ठरवलेल्या, पण फाशीतून वाचलेल्या एका बाईचं नाव कागदोपत्री निर्दोष व्हायला २०२२ साल उजाडावं लागलं. तेही आठवीच्या एका वर्गाने आणि त्यांच्या शिक्षिकेने लावून धरलं म्हणून.

आपल्याला हे नवीन नाही. नंदुरबारकडे सातपुड्याच्या पाड्यांवर बाईला डाकीण ठरवून मारहाण केल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या बातम्या आपण वाचल्यात. कोणाचं गुरू मेलं, कोणाचं पोर आजारी पडलं, की बोट एकट्या बाईकडे. डॉ. दाभोलकर ज्या कायद्यासाठी आयुष्यभर झटले तो २०१३ मध्ये त्यांच्या खुनानंतर झाला, पण बोट दाखवायची सवय कायद्याने एका दिवसात जात नाही. सैतान, चेटकीण, डाकीण, अवदसा, ही नावं नेहमी दुसऱ्याने चिकटवलेली असतात. तिथले हे लोक मात्र ते नाव आपणहून कपाळावर लावतात आणि विचारतात, "आता बोला, कायदा आमच्यासाठीही तोच आहे का?"

सात तत्त्वांतलं शरीराचं तत्त्व मला सगळ्यात जवळचं वाटलं. त्यावरूनच ही मंडळी गर्भपाताच्या लढाईत उतरली. मिझुरी राज्यात गर्भपातासाठी गेलेल्या बाईला आधी ७२ तास थांबायला लावत आणि गर्भधारणेपासूनच जीव सुरू होतो असं सांगणारी पुस्तिका हातात देत. संस्थेच्या एका सदस्य स्त्रीने २०१५ मध्ये दावा लावला, की हे माझ्या श्रद्धेविरुद्ध आहे, मी तुमच्या धर्माचं म्हणणं का वाचू? २०१९ मध्ये त्या हरल्या. जून २०२२ मध्ये तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्कच काढून घेतला. त्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये या संस्थेने न्यू मेक्सिकोत फोनवरून सल्ला आणि टपालाने गोळ्या देणारा दवाखाना सुरू केला. आपल्याकडे गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे हे मी मैत्रिणींना सांगते तेव्हा निम्म्या जणींना ते माहीतही नसतं. आपल्या पोटाचा निर्णय नवरा, सासू, डॉक्टर, शेजारीण, सगळे घेतात. 'माझं शरीर माझं' हे वाक्य सैतानाच्या तोंडून आलं म्हणून खोटं ठरतं का?

तरी मी काही त्यांची भक्त झालेले नाही हं! माझी भांडणं आहेत. पहिलं म्हणजे नाव. ज्या बाईला त्यांच्या दवाखान्याची सगळ्यात जास्त गरज, ती लहान गावातली, चर्चला जाणारी, भेदरलेली बाई. ती सैतानाच्या दारात पाऊल ठेवेल? तिला मदत हवी की तिच्या घाबरण्यावर बातमी हवी? त्या दवाखान्याला तर त्यांनी निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीशाच्या आईचं नाव दिलं. चिमटा काढला खरा, पण एका आईचं नाव असं वापरणं मला नाही पटलं. दुसरं, ज्यांनी सत्तेपुढे न झुकायचं ब्रीद घेतलं त्यांच्याच घरात भांडणं झाली. २०१८ मध्ये लॉस एंजेलिसची शाखा बाहेर पडली. २०२० मध्ये संस्थेने आपल्याच काही माजी सदस्यांना कोर्टात खेचलं. मुखिया बदलला तरी खुर्ची तशीच वागते, हे त्यांच्या आवडत्या कादंबरीतल्या सैतानाला कळलं होतं, त्यांना कळलं की नाही कोण जाणे. आणि तिसरं, शाळेतल्या लहान मुलांना मोठ्यांच्या भांडणात प्यादं करू नये, मग ते गुड न्यूजवाले असोत की हे.

दोन दिवसांनी मी भाचीला फोन केला. "सही करू नकोस," म्हटलं. "तुझ्या पोराला तिथे पाठवू नकोस, तो तुझा हक्क. शेजारणीला चहा पाज आणि नीट सांग, की मलाही हे नाव आवडत नाही. पण आज सैतानासाठी जे कुलूप लावाल, त्याची किल्ली उद्या ज्याच्या हातात असेल तो गणपतीलाही बाहेर ठेवू शकेल."

तिने तसंच केलं. शेजारीण रागावून गेली. चार दिवस बोलली नाही. बस-थांब्यावर दुसऱ्या एका आईने तोंड फिरवलं. भाची रडली थोडी. परक्या गावात दोन माणसं जोडायला किती वर्षं लागतात ते आपल्याला इथे बसून कळत नाही. "मावशी, सही केली असती तर बरं झालं असतं का गं?" असंही एकदा विचारलंन. मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "नाही. पण सोपं गेलं असतं."

माझी बहीण, म्हणजे तिची आई, हिला शेवटी सगळं सांगावंच लागलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "कोडी सोडवतात, प्रयोग करतात, आणि नाव सैतान? मेल्यांना दुसरं नाव नाही सुचलं?" मग जरा थांबून म्हणाली, "पण सही नाही केली ते बरं केलं. नाहीतर रविवारी आपल्या पोरांनी बाराखडी कुठे गिरवायची?"

आपल्या गावातही कधी ना कधी असं निवेदन दारात येतं. अमक्यांना हॉल देऊ नका, तमक्यांना भाड्याने घर देऊ नका. घेऊन येणारी बाई ओळखीची असते, वाण द्यायला येणारी असते. पेन हातात घेण्याआधी एकदा त्या ओळी पूर्ण वाचा. आपलं नाव त्यात कुठे बसतंय का, तेवढं बघा.